अर्धं तुमच्याकडून

आप्पा, तुमच्या फोटोला आज अकरा दिवस फूल नाही.

चोवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आई सकाळी अंघोळ करून मागच्या दारी जायची, सोनचाफ्याचं एक फूल काढायची आणि तुमच्या फोटोच्या चौकटीत खोचायची. अंगात ताप असला तरी. चाफ्याला फूल नसलं तर जास्वंद, नाहीतर तगर. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती महिनाभर आमच्याकडे वसईच्या फ्लॅटमध्ये होती, तेव्हा कॉलेजला जाण्याआधी मला रोज इथे, गिरीजच्या घरी पिटाळायची, फूल वाहायला. आता ती नुसता फोटो पुसते. काच नीट पुसते, फडकं झटकते आणि पुढच्या कामाला लागते. तिनं फोटो उतरवून ठेवला असता तर मला कदाचित सोपं गेलं असतं. हे माझ्यामुळे झालं आहे, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. दुपार आहे, मी आपल्या ओट्यावर आहे, आई आत पडली आहे. तुम्ही असताना आपण घरात आपल्या बोलीत बोलायचो. इतकी वर्षं शिकवून शिकवून माझी भाषा पुस्तकी झाली आहे, ती तशीच चालवून घ्या.

मी विरारच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, हे तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मला सातवा महिना होता आणि नोकरीचा पत्ता नव्हता. आता दरवर्षी बारावीच्या मुलांना आनुवंशिकता शिकवते. पुस्तक इंग्रजी, मुलं अर्धी हिंदी बोलणारी, आणि मी फळ्यावर रंगीत खडूनं जोड्या काढत मराठीत समजावते. आपल्या शरीरातल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. पण जी पेशी पुढे मूल होणार असते, तिच्यात अख्खी जोडी जाऊन चालत नाही, अर्धंच जावं लागतं. म्हणून त्या पेशी तयार होताना जोडीतली दोघं समोरासमोर येतात, एकमेकांना बिलगतात, आपापले तुकडे अदलून बदलून घेतात आणि मग वेगळी होतात. कुठलं इकडे जाईल, कुठलं तिकडे, हे कुणी ठरवत नाही. तेवीस वेळा नाणं उडवल्यासारखं. मी मुलांना हिशेब करायला लावते, तेवीस वेळा दोन मांडून त्यांचा गुणाकार करायला, आणि उत्तर येतं चौऱ्याऐंशी लाखांच्या जवळपास. एका माणसाकडून इतक्या तऱ्हेची बीजं होऊ शकतात, तीसुद्धा तुकड्यांची अदलाबदल न धरता. कुणीतरी मागच्या बाकावरून ओरडतं, "मॅडम, चौऱ्याऐंशी लक्ष योनी!" आणि वर्ग हसतो. मीही हसते. म्हणून तर एका आईबापाची दोन मुलं सारखी नसतात, मी सांगते, कारण तीच दोन माणसं असली तरी पत्ते दर वेळी नव्यानं पिसले जातात. मग पुढच्या तासाला आजार येतात. दोन्ही बाजूंनी एकेक दोष आला तरच जे होतात ते. दोन वर्षांपूर्वी नालासोपाऱ्याहून येणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "पण मॅडम, मग फॉल्ट कोणाचा धरायचा?" मी क्षणही न घालवता म्हणाले, "कोणाचाच नाही. दोघांकडून यावं लागतं, आणि दोघांनीही ते निवडलेलं नसतं." साठ मुलांसमोर हे वाक्य मी वीसेक वर्षं म्हणत आले आहे. आपल्या स्वयंपाकघरात एकदाही म्हटलं नव्हतं.

माझा भाऊ जन्मला तेव्हा मी चार वर्षांची होते. मला आठवतं ते त्याचं पांढुरकेपण. आजी म्हणायची, गोरा आहे, आपल्यात असा गोरा कुणी नाही. वर्षाचा झाला तरी तो उभा राहीना, पोट मात्र वाढत चाललं, तेव्हा तुम्ही त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेलात. थॅलेसेमिया हा शब्द आपल्या घरात कुणाला धड उच्चारता आला नाही. आजी त्याला "रक्ताचं" म्हणायची. दर तीन आठवड्यांनी तुम्ही दोघं त्याला घेऊन जायचात, रक्त चढवून आणायचात. परत येताना एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत तो तुमच्या खांद्यावर असायचा, दोन्ही हातांनी तुमचं कपाळ धरून, आणि मी वाडीच्या तोंडाशी उभी राहून बघायचे. त्या दिवशी त्याचे ओठ लाल असायचे. दोन दिवस तो माझ्या मागे पाटाच्या पाण्यातून धावायचा, मला हरवायचा, चिडवायचा. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ओट्यावर बसून राहायचा आणि म्हणायचा, "ताई, तू खेळ, मी मोजतो." पोटात सुई द्यायची तेव्हा आईचा हात थरथरायचा, म्हणून तुम्ही शिकून घेतलंत. मातीनं भेगाळलेली तुमची बोटं, आणि ती बारीक सुई. तुम्ही आधी स्वतःच्या हातावर फुंकर मारायचात, मग त्याच्या पोटावर, आणि तो हसला की त्या हसण्यात सुई टोचायचात. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुम्ही वाईट बाप होतात असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन.

सगळे म्हणायचे, हा हुबेहूब बापावर गेला आहे. कान तुमचे, बाहेर आलेले. विचारात पडला की खालचा ओठ चिमटीत धरायची सवय तुमची. अक्षरसुद्धा तुमच्यासारखं डावीकडे कललेलं. आजी हे सगळं मोठ्या कौतुकानं मोजून दाखवायची. कान आमचे, ओठ आमचा, अक्षर आमचं. आणि त्याच दमात म्हणायची, आजार तेवढा हिच्या माहेरचा. मला तेव्हा यात काही चुकीचं वाटलं नाही. मोठी माणसं सांगतात ते असंच असणार. आईलाही वाटलं नसावं. ती खाली मान घालून भाजी निवडायची.

बाराव्या वर्षी तो गेला. चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात साठत गेलं होतं, हे मला पुढे शिकल्यावर कळलं. तेव्हा इतकंच कळलं की यावेळी एस.टी. स्टँडवरून तुम्ही दोघंच चालत आलात आणि तो मागून गाडीतून आला. तेराव्याला माणसं जमली होती. तुम्ही अंगणात पंगतीसाठी केळीची पानं मांडत होतात. आजी ओट्यावर बायकांच्या घोळक्यात बसली होती आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या वंशात असलं काही नव्हतं हो. हिनं आणलं. हिच्या माहेरचं रक्त." आई तिच्यापासून दोन हातांवर पाण्याचे तांबे भरत होती. तुम्ही वाकलेले होतात, हातात एक पान होतं. तुम्ही तसेच क्षणभर थांबलात. मग ते पान जमिनीवर ठेवलंत, पाण्याचा हात फिरवलात आणि पुढचं पान घेतलंत. मला वाटलं, दुःखानं तुम्हाला ऐकूच आलं नसेल.

त्यानंतरच्या आठवड्यात आई निर्मळला गेली, माझा हात धरून, चालत. तिचं माहेर काही लांब नव्हतं. लहानपणी आम्ही दर रविवारी जायचो. तिची आई परसात अबोलीचे गजरे करत बसली होती. आईनं दारातूनच विचारलं, "मला काय देऊन पाठवलंस तू? सांग, कुणाचं होतं हे? तुझं की बाबांचं?" म्हातारीला काही समजेना. ती म्हणाली, "अगं, तुझ्या पाठच्या तिघांना काही झालं नाही, त्यांच्या पोरांना नाही, मी काय सांगू?" आई म्हणाली, "मग माझ्याच वाट्याला का घातलंस?" आणि वळली. पुन्हा ती त्या घरी गेली नाही. दोन कोसांवर आई राहत असून गेली नाही. पुढे म्हातारी आजारी पडली, निरोप आले, तरी नाही. गेली ती तिला पोचवायलाच.

आता बारावीतली ती दुपार. तुम्हाला आठवत असेल, मेलेल्या माणसाला आठवत असेल तर. वर्गात तो धडा झाला होता. मी चौकोन काढून बघितला, पुसला, पुन्हा काढला. आई निरोगी, वडील निरोगी, मूल आजारी, तर एकच वाट उरते. दोघंही आतून अर्धे. चारातल्या एका मुलाला दोन्हीकडचं येतं, दोघांना एकाच बाजूचं, एकाला काहीच नाही. मी वही घेऊन थेट वाडीत आले. तुम्ही राजेळी केळीच्या रांगेत पहारीनं मुनवे काढत होतात. केळीच्या बुडाशी फुटलेली ती पिलं मी लहानपणी तुम्ही काढताना बघत बसायचे, आणि एकदा विचारलं होतं की केळ्यात बी का नसतं. तुम्ही म्हणाला होतात, "हिला बी लागतच नाही. ही सगळी एकच केळ आहे. माझ्या आज्यानं लावली, तिचंच पिलू, त्याचं पिलू. हिला बाप नाही, नुसती आई." मला ते फार आवडलं होतं. त्या दुपारी मी वही उघडून तुमच्यासमोर धरली.

"आप्पा, हे दोघांकडून यावं लागतं. एकट्या आईकडून आलं तर मूल आजारी पडत नाही."

तुम्ही वहीकडे बघितलं नाहीत. पहार मुनव्याच्या बुडात घातलीत.

"आप्पा, आजी खोटं बोलते. तिला सांगायला पाहिजे."

"मला ठाऊक आहे," तुम्ही म्हणालात.

"काय ठाऊक आहे?"

"तू म्हणतेस ते. तो दीड वर्षाचा होता. डॉक्टरांनी दोघांचंही रक्त घेतलं होतं. कागद आणायला मी एकटाच गेलो होतो. दोघांच्यातही आहे, म्हणाले."

मला पहिल्यांदा तुमचं बोलणं समजलंच नाही. मी विचारलं, मग आईला? तुम्ही पहार टेकवून उभे राहिलात, खालचा ओठ चिमटीत धरलात. "घरी आलो तेव्हा तुझ्या आजीनं आधीच ठरवून टाकलं होतं. मी काय म्हणणार होतो तिला? माझ्यात आहे म्हणजे तुझ्याकडून आलं असेल नाहीतर माझ्या बापाकडून, असं सांगू? तेव्हा म्हटलं, जरा थांबू. मग राहूनच गेलं."

"राहून गेलं?"

"आता सांगून तो परत येणार आहे का? तिनं मानलंय आता. सोसलंय." आणि मग, मी रडायला लागले तेव्हा, ज्या आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात त्या आवाजात, "शिकलीस ते चांगलं झालं. घरात बोलायचं नाही. कळलं?"

मी मान हलवली. सतरा वर्षांची मुलगी बापाला घाबरते, हे खरं, पण मी घाबरून गप्प बसले नाही. मला तुमची दया आली, आप्पा. तुम्ही पुन्हा वाकलात, एका घावात मुनवा निघायला हवा होता, तो चार घावांत निघाला.

काही महिन्यांनी तुम्ही कुणाबरोबर तरी तुंगारेश्वरच्या डोंगरात गेला होतात आणि येताना रानकेळीची एक फणी घेऊन आलात. आखूड, जाड सालीची, खाण्यात काही अर्थ नसलेली केळी. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात, मला हाक मारलीत आणि विळीवर एक केळं उभं चिरलंत. आत गर बोटभर, बाकी सगळ्या काळ्या, वाटाण्याएवढ्या, दगडासारख्या बिया. "बघ," तुम्ही म्हणालात, "रानात वाढते तिला बी असतं. हिला आई असते नि बापपण असतो. दोघांचं असतं हे." आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तुम्ही माझ्याकडे बघत होतात, पण बोलत होतात तिच्या पाठीशी. मला वाटलं, आता. आता सांगतील. आईनं मागे वळून विचारलं, "कसलं कवतिक चाललंय बापलेकीचं?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. हिच्या अभ्यासाचं." आणि त्या बिया माझ्या हातात दिल्यात. मी त्या परसात पेरल्या, एकही उगवली नाही. मला तुम्ही आयुष्यात दिलेल्या वस्तूंपैकी तेवढीच एक मी रागानं घेतली.

आजी गेली तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मी वाट बघितली. आता कुणाला जपायचं होतं? दिवस झाले, वर्षश्राद्ध झालं. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही मात्र सगळ्यांत आधी म्हणालात, रक्त तपासा, दोघांचं. माझ्यात निघालं, होणाऱ्या नवऱ्यात नाही. तुम्ही कागद हातात घेऊन विचारलंत, "तुझ्यात आलंय ते कुणाचं, ते कळतं का यावरून?" मी म्हटलं, यावरून नाही. तुम्ही म्हणालात, "माझं असू दे." मला तेव्हा वाटलं हे प्रेम आहे. ते होतंच. पण मोठ्यानं म्हणायला हवं ते तुम्ही दर वेळी माझ्याजवळ हळूच म्हणालात, आणि ज्या बाईला ते ऐकायचा हक्क होता ती पलीकडच्या खोलीत असायची.

मग तुम्हीही गेलात. वाडीत, मोटारपंप बंद करायला गेलात आणि विहिरीच्या काठावर छातीला हात लावून बसलात ते उठलाच नाहीत. महिन्याभरानं मी तुमची पत्र्याची पेटी आवरायला घेतली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली एक पाकीट होतं आणि त्यात तो इस्पितळाचा कागद, घड्यांवर झिजलेला. वर तुमचं नाव, खाली आईचं. दोघांपुढे तोच शेरा. तुम्ही तो फाडला का नाहीत? मी हा प्रश्न हजारदा विचारला आहे. ज्याला लपवायचं असतं तो कागद जाळतो. तुम्ही तो अठरा-एकोणीस वर्षं सांभाळलात, अनेकदा उघडून वाचलात, हे घड्यांवरून दिसत होतं. मी तो कागद माझ्या पर्समध्ये घातला आणि घरी घेऊन गेले.

तुमची नात चोवीस वर्षांची झाली, आप्पा. तिनं स्वतःच एक मुलगा पसंत केला, विरारचाच, आईवडील दोघंही नोकरीतले, सरळ माणसं. ती म्हणाली, आजीच्या घरी भेटू, फ्लॅटमध्ये काय भेटायचं. म्हणून अकरा... नाही, बारा दिवसांपूर्वी सगळे इथे आले. आईनं पातोळ्या केल्या होत्या. वाडीत फिरून झालं, मुलाच्या वडिलांनी सुकेळ्यांबद्दल दहा प्रश्न विचारले, चहा झाला. आणि सगळे उठायच्या बेतात असताना आई खुर्चीतून उठली. गुडघ्यांमुळे तिला धड उभं राहता येत नाही, ती टेबलाला धरून उभी राहिली आणि मुलाच्या आईवडिलांसमोर तिनं हात जोडले.

"एक सांगायचंय. माझा मुलगा रक्ताच्या आजारानं गेला. ते माझ्या माहेरचं आहे. माझ्याकडून आलं. हिच्यात पण आहे. नातीचं तपासून घ्या. तुमच्या घरात माझ्यामुळे काही जायला नको. मला क्षमा करा."

मुलाची आई गडबडून उठली. तिनं आईचे हात धरले. "आजी, अहो, असं काय करता? आजकाल सगळेच टेस्ट करतात. त्यांनी दोघांनी कधीच करून घेतलीये." आई म्हणाली, "हो का? बरं झालं," आणि खाली बसली. पण तिचे हात जोडलेलेच राहिले, मांडीवर. बहात्तर वर्षांची बाई, आप्पा. परक्या माणसांसमोर.

ते गेल्यावर ती कप विसळायला उभी राहिली. माझ्या नवऱ्यानं आणि लेकीनं पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडलं आणि तिकडेच बोलत राहिली. मी पर्स घेऊन आत गेले; तो कागद इतकी वर्षं एका पर्समधून दुसऱ्या पर्समध्ये माझ्याबरोबर फिरत होता. मला आठवत नाही मी कुठून सुरुवात केली. बहुतेक वर्गात करते तशीच केली, दोन खडू हवेत धरल्यासारखी बोटं धरून. एक तुझ्याकडून, एक त्यांच्याकडून. दोन्ही आली तरच. आईनं नळ बंद केला.

"म्हणजे त्यांच्यात पण होतं?"

"तुझ्यात होतं तेवढंच."

"त्यांना ठाऊक होतं?"

मी कागद तिच्या ओल्या हातात दिला. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण नावं कळली. तिनं तुमच्या नावावरून अंगठा फिरवला, मग स्वतःच्या.

"कधीपासून?"

"तो दीड वर्षाचा असल्यापासून."

मला वाटलं ती रडेल, तुम्हाला बोल लावेल, मला जवळ घेईल. मी या सगळ्यासाठी तयार होते. ती म्हणाली, "मी माझ्या आईला काय काय बोलले." एवढंच. मग पुन्हा, जरा हळू, "ती गजरे करत होती, आणि मी काय काय बोलले तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चाफ्याचं फूल तोडलं. मी बघत होते, रात्री इथेच राहिले होते. ते फूल तिनं रुमालात गुंडाळलं आणि मला म्हणाली, स्कूटर काढ. निर्मळला तिच्या भावाच्या घरी समोरच्या खोलीत तिच्या आईचा फोटो आहे. कितीतरी वर्षांनी ती त्या खोलीत गेली. तिनं फूल ठेवलं, आणि फोटोच्या खालच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी राहिली. मामा मला खुणेनं विचारत होता, काय झालं. मी त्याला खुणेनंच थांबवलं. तेव्हापासून रोज फूल तिकडे जातं. मी कॉलेजला जाताना पोचवते.

तुम्हाला दोष देऊन मला काही मिळत नाही. दोष कोणाचाच नव्हता, हेच तर मी शिकवते. ज्या अदलाबदलीनं त्याच्या वाट्याला दोन्ही वाईट तुकडे आले, त्याच अदलाबदलीनं माझ्या वाट्याला एकच आला. माझ्याऐवजी तो खेळला असता आणि मी ओट्यावर बसून मोजत राहिले असते, इतकंच अंतर होतं आमच्यात. ते तुमच्या हातात नव्हतं. तुमच्या हातात होतं ते एक वाक्य. घरात शिरताना दारात उभं राहून म्हणायचं. मी कधी कधी ते तुमच्या आवाजात म्हणून बघते, "आई, माझ्यातही आहे." तीन शब्द. श्वाससुद्धा लागत नाही. तो सगळा मिळून तेरा वर्षांचासुद्धा झाला नाही, आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं तो आपल्या आईला खाली मान घातलेली बघत मोठा झाला. त्याला काय वाटत असेल, आपल्या आईनं आपल्याला हे दिलं असं? हा विचार आला की मला तुमच्याशी बोलावंसंच वाटत नाही.

आणि तरी लिहिते आहे, कारण त्या संध्याकाळचं एक बोलणं मी वर गाळलं. आईनं कागदाची घडी घातली, माझ्याकडे परत दिली आणि विचारलं, "आणि तुला कधी कळलं?"

मी सतरा वर्षांची असल्यापासून, असं उत्तर होतं. एकतीस वर्षं, असं उत्तर होतं. ती माझ्याकडे बघत होती, तिच्या हातांवर अजून साबण होता, आणि मी म्हणाले, "आत्ताच, आई. गेल्या आठवड्यात. आप्पांच्या जुन्या कागदपत्रांत सापडला."

तिनं ओले हात पदराला पुसले आणि माझ्या गालावरून फिरवले. म्हणाली, "तू तरी लगेच सांगितलंस, बाई."

मी कागद पुन्हा पर्समध्ये ठेवला, आप्पा.